गाळ वाटायच्या आधी तो तपासा : सोलापूरच्या तलावांची जबाबदारी असलेल्या साहेबांना खुलं पत्र

प्रति,
सोलापूर शहराच्या आसपासचे तलाव, त्यात येणारं पाणी आणि त्यावर जगणारे पक्षी ज्यांच्या ज्यांच्या टेबलावर येतात ते सगळे साहेब आणि मॅडम,

नमस्कार.

मी सोलापुरात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. एकोणीस वर्षं झाली, रोज सकाळी साडेसातपासून लोकांचं रक्त काढते. रविवारी सुट्टी असते तेव्हा उजाडायच्या आत दुर्बीण घेऊन तलावावर जाते, पावसाळ्याचे दोन महिने सोडले तर हा नेम चुकत नाही. तलावाचं नाव या पत्रात मुद्दाम लिहीत नाहीये, कुठल्या ऑफिसचं नाही, कुणा माणसाचं पण नाही. मला कुणाची बदनामी करायची नाही, काम व्हायला पाहिजे एवढंच आहे. ज्यांचा तलाव आहे त्यांना वाचून कळेलच.

पत्र लिहायला कारण झालं ते काठावर लागलेला बोर्ड. तलावातला गाळ काढणार, शेतकऱ्यांनी आपल्या खर्चाने मोफत न्यावा, नोंदणी चालू. आणि पहिल्या चार दिवसात नोंदणी केली त्यात माझा सख्खा मोठा भाऊ आहे. मोहोळ तालुक्यात आमचं सहा एकर रान आहे, त्यात अडीच एकर डाळिंब. दादाचा फोन आला तेव्हा आवाजातच आनंद होता, "अगं तुझ्याच तलावाचा गाळ आणतोय बघ, चाळीस ट्रॉल्या लिहून आलोय." मी म्हटलं दादा, जरा थांब. तो म्हणाला का गं, काय झालं. आणि साहेब, त्याला दाखवायला माझ्याकडं एक कागद नव्हता. पाच महिने मी तोच कागद मागत फिरतेय.

गाळ शेतात टाकायला माझा विरोध आहे असं कृपा करून समजू नका. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना २०१७ ला आली तेव्हा मीच घरी सांगितलं होतं की करून घ्या. मुरमाड रानात काळा गाळ पडला की ओल धरून राहते हे आमच्या आईला कुठला जीआर यायच्या आधीपासून माहीत आहे. पण गावाकडच्या पाझर तलावाचा गाळ वेगळा, आणि शहराला चिकटलेल्या तलावाचा, ज्यात माझ्या लहानपणापासून नाला येऊन मिळतोय, तो वेगळा. दोघांना एकच माप लावताय तुम्ही.

आता फेब्रुवारीत काय झालं ते सांगते.

शेकाट्या तुम्ही बघितलाच असेल, नाव माहीत नसलं तरी. काळे पंख, पांढरं अंग आणि गुलाबी लांबच लांब पाय, उथळ पाण्यात एकेक पाऊल उचलून ठेवत चालतो. त्या रविवारी एक शेकाट्या पायावर नव्हता. नाल्याच्या तोंडापासून वीसेक पावलांवर चिखलात बसलेला, पाय मागं पसरलेले, पंख छपरासारखे दोन्ही बाजूंनी खाली उतरलेले. मी अगदी जवळ गेले तरी उडेना. ओढणीत उचलला तर हाताला वजनच लागेना, छातीचं हाड सुरीच्या धारेसारखं बोटाला लागत होतं. शेपटीखालची पांढरी पिसं हिरव्या विष्ठेनं चिकटलेली. डोळा उघडा होता, लाल, आणि तो माझ्याकडंच बघत होता. गाडीच्या डिकीत बुटांचं रिकामं खोकं होतं त्यात ठेवला, वन खात्याच्या हेल्पलाइनला फोन लावला, दीड तासानं एक गार्ड दादा आले. माणूस चांगला, लांबून आले होते, पण त्यांच्याकडं ना पिंजरा ना बर्फ ना डबा. अकरा वाजून वीस मिनिटांनी पक्षी गेला. मी म्हटलं दादा, पोस्टमॉर्टेम करून घेऊ, लिव्हर आणि किडनी काढून फ्रीजरला ठेवू, मी डबा देते, मार्किंग करून देते. ते म्हणाले मॅडम, वरून तशी ऑर्डर नाही. काठावरच बाभळीखाली खड्डा केला आणि पुरला. मी तिथं उभी होते.

पुढच्या तीन रविवारी अजून दोन मेलेले दिसले, एक शेकाट्या आणि एक टिटवी. दोन्ही नाल्याच्याच बाजूला.

तो पक्षी शिशानं मेला असं मी म्हणत नाहीये. छातीचं हाड वर येणं, पंख उतरणं, हिरवी विष्ठा, ही शिशाच्या विषबाधेची लक्षणं आहेत हे खरं, पण सडलेल्या पाण्यात जंतूंच्या विषानं बोटुलिझम होतो त्यातही पाय आणि मान लुळी पडते, बर्ड फ्लूतही पक्षी असाच बसून राहतो. नुसत्या लक्षणावरून रोग ठरत नाही, म्हणून तर लॅब असते. लिव्हरचा बोटाच्या पेराएवढा तुकडा पुरला असता, तो आपण मातीत घातला, आणि आता त्याच तलावाचा गाळ ट्रॉल्या भरून वाटायला निघालोय.

तुम्हाला वाटेल पक्ष्याचा आणि गाळाचा काय संबंध. सगळा संबंध तिथंच आहे. काठावरच्या चिखलात चालणारे हे जे पक्षी आहेत, शेकाट्या, तुतवार, चिखल्या, टिलवा, मळगुजा, यांचं ताट म्हणजेच तो गाळ. छोटा टिलवा बघा. पंचवीस-तीस ग्रॅमचा जीव, माझ्या मुठीत मावेल. आर्क्टिकच्या टुंड्रातून निघून आपल्याकडं उतरतो, हुरड्याचा सीझन, जानेवारीतली गड्ड्याची यात्रा सगळं इथं काढतो आणि उन्हाळा तापला की परत निघतो. तो खाताना एकदा जवळून बघा. आपल्याकडं युनिफॉर्म शिवणाऱ्या बायकांच्या मशीनची सुई जशी खालीवर होते तशी त्याची चोच चिखलात चालू असते, थांबतच नाही. गाळातल्या लाल अळ्या, किडे, बारीक गोगलगायी वेचतो. आता अळी धुऊन कोण खातंय, तिच्याबरोबर चिखल पोटात जातोच. किती जातो हे अमेरिकेत मोजलेलं आहे. १९९४ साली छापून आलेल्या अभ्यासात टिलव्याच्या कुळातल्या चार जातींच्या खाण्यात ७ ते ३० टक्के माती निघाली. म्हणजे शंभर घासांत सात ते तीस घास नुसता चिखल. त्या चिखलात जे असेल ते सरळ त्यांच्या रक्तात.

आणि चिखलात काय असतं, तर शिसं, कॅडमियम, तांबं, क्रोमियम, जस्त हे जड धातू पाण्यात फार काळ राहत नाहीत. मातीच्या बारीक कणाला आणि सडलेल्या पाल्याला चिकटून खाली बसतात. वरचं पाणी दर पावसाळ्यात बदलतं, गाळ जागेवर राहतो आणि वर्षावर वर्षाचा थर चढत जातो. धातू कुजत नाही, विरत नाही. देशानं २००० साली पेट्रोलमधून शिसं काढलं, पुढं घराच्या रंगांतल्या शिशाला ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत नव्वद भागांची मर्यादा घातली, फार चांगलं केलं, पण त्याच्या आधी रस्त्यावरून वाहून जे आलं ते गेलं कुठं? म्हणून बाटलीत तलावाचं पाणी भरून तपासलं तर रिपोर्ट चकाचक येऊ शकतो, आणि त्याच वेळी तळाला तीस-चाळीस वर्षांचा माल पडलेला असू शकतो. रक्त न तपासता नुसती लघवी तपासून पेशंटला घरी पाठवायचं, तसं चाललंय हे.

पक्ष्याच्या अंगात हे धातू काय करतात ते थोडक्यात सांगते, कारण माणसाच्या अंगात पण बरंचसं हेच करतात. शिशाला शरीर कॅल्शियम समजतं आणि हाडात साठवतं. मादी अंड्याच्या कवचासाठी हाडातलं कॅल्शियम सोडायला लागली की त्याच्याबरोबर शिसंही रक्तात येतं, म्हणजे नेमकं अंडी घालायच्या दिवसात. हिमोग्लोबिन तयार व्हायला जे एन्झाइम लागतं ते शिसं बंद पाडतं, नसांवर परिणाम होतो, पक्ष्याला धड उडता येत नाही, खाता येत नाही, हळूहळू वाळत जातो. कॅडमियम किडनीत जाऊन बसतं. पारा अळीतून माशात, माशातून खंड्या-बगळ्यात असा वाढत वाढत वर चढतो. माझ्या लॅबमध्ये रक्तातल्या शिशाची टेस्ट वर्षात एखाद-दुसरी लिहून येते, ती पण बाहेरगावी पाठवावी लागते. लहान पोराच्या रक्तात शिशाची सुरक्षित म्हणावी अशी कुठलीच पातळी माहीत नाही हे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि आम्ही शोधतच नाही.

पक्षी मारल्याशिवाय हे सगळं कळू शकतं, याचं मला फार अप्रूप वाटतं. पीस उगवत असताना त्याला रक्त पोचत असतं, रक्तातला धातू पीस ज्या प्रथिनाचं बनतं त्या केराटिनला घट्ट चिकटतो, पीस पूर्ण वाढलं की रक्त बंद होतं आणि त्या दिवसांची नोंद पिसात तशीच राहते. आर्सेनिकसाठी माणसाचं नख नाहीतर केस तपासतात त्यातलाच प्रकार. शेकाट्या आणि टिटवी इथंच अंडी घालतात, त्यांच्या पिल्लाची पिसं आपल्याच तलावाच्या अन्नावर वाढलेली असतात, म्हणजे त्यांच्या पिसात दुसऱ्या कुठल्या देशाचा हिशेब मिसळायचा प्रश्नच नाही. आणि पूर्ण वाढ झालेला छोटा टिलवा उडायची पिसं हिवाळ्याच्या मुक्कामात बदलतो, म्हणजे आपल्या गाळात जे आहे ते पंखात घेऊन टुंड्रापर्यंत जातो. एवढा साधा पुरावा काठावर चालतोय आणि आपण तो बघायचाच नाही ठरवलंय.

आता माझ्या तक्रारी.

पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार पाण्याच्या रिपोर्टची. माहिती अधिकारात अर्ज केला, तलावाचे सगळे तपासणी अहवाल द्या म्हणून. तीन पानं आली. त्यात पीएच, विरघळलेला ऑक्सिजन, बीओडी म्हणजे सडणारी घाण किती ते, आणि कोलिफॉर्म जंतू. पाण्यातल्या शिशाचा रकाना नाही, कॅडमियमचा नाही, पाऱ्याचा नाही, आणि गाळ हा शब्द त्या तीन पानांत कुठंच नाही. पिण्याच्या पाण्यात शिसं लिटरमागं ०.०१ मिलिग्रॅमच्या वर नको, कॅडमियम ०.००३ च्या वर नको, पारा ०.००१ च्या वर नको असं आपलंच भारतीय मानक सांगतं. इतक्या बारीक आकड्यांची भीती ज्या देशाला आहे त्या देशात एका शहराच्या तलावाचा तळ कधी खरवडून बघावा असं कुणाला का वाटू नये?

दुसरी, हा अर्ज घेऊन मी चार ऑफिसं फिरले. एका ठिकाणी सांगितलं पाणी आमचं पण तळ आमचा नाही. दुसऱ्या ठिकाणी सांगितलं तळ आमचा पण नाला आमचा नाही. नाल्याच्या ठिकाणी सांगितलं पक्षी असेल तर वन खात्याकडं जा, आणि तिथं सांगितलं की मॅडम पक्षी जिवंत असेल तर आणा. सगळे नीट बोलले, चहा पण विचारला एकानं, पण पाच महिने गेले. लॅबमधली सुट्टी काढून, पगार कापून घेऊन फिरतेय मी.

नाल्याचं तर काय सांगू. माझे वडील सव्वीस वर्षं एका डाय हाऊसला होते, टॉवेलचं सूत रंगवायला. त्यांच्या नखांचा रंग सुट्टीतही जायचा नाही, आम्ही लहान असताना नखं बघून सांगायचो आज कुठल्या रंगाची ऑर्डर होती. त्या कामावर आम्ही शिकलो, मी डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा केला, त्यामुळं रंगवणाऱ्यांच्या पोटावर पाय यावा असं मी स्वप्नातही म्हणणार नाही. सगळ्या रंगात धातू नसतोच. पण काही रंगांच्या रेणूतच तांबं नाहीतर क्रोमियम बसवलेलं असतं, तो सुंदर फिरोजी रंग येतो तो तांब्यामुळंच येतो. आणि मी या हिवाळ्यात दोन वेळा नाल्याच्या तोंडाशी फिरोजी पाणी बघितलंय, पहाटे साडेपाच-सहाला, ऊन वर येईपर्यंत पातळ होऊन गेलेलं. १९७४ चा पाण्याचा कायदा आहे, प्रक्रिया न करता सोडायचं नाही हे सगळ्यांना माहीत आहे. पण पाणी कधी बघायला येता तुम्ही? दुपारी बाराला.

एकट्या रंगावर खापर फोडणं पण चुकीचं होईल. भंगारात इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या फोडून ॲसिड नाल्यात ओततात, त्यात शिसं असतं. वायरी जाळून तांबं काढतात, राख तिथंच पडते. मासे धरायच्या जाळ्याला शिशाचे मणी असतात, तुटून पडतात, बदकं ते खडे समजून गिळतात. आजोबा गणपतीचं गाव आपलं, मूर्तींना लावलेल्या रंगांचं काय होतं याचा विचार आता कुठं सुरू झालाय. आणि आम्ही शेतकरी पण यात आहोत. डाळिंबावर तेल्या रोग येऊ नये म्हणून मोरचुदाची फवारणी किती होते हे मला घरूनच माहीत आहे, मोरचूद म्हणजे तांबं. फॉस्फेटच्या खतातून कॅडमियम येतं. म्हणजे दादाच्या रानात आधीच तांबं आहे, त्यावर अजून चाळीस ट्रॉल्या कशाच्या पडणार हे त्याला कळायचा हक्क आहे की नाही?

गाळ काढायच्या पद्धतीबद्दलही तक्रार आहे. तळाच्या काळ्या, वास येणाऱ्या गाळात हवा नसते, तिथं धातू गंधकाशी बांधलेले राहतात आणि निदान जागेवर बसतात. तो गाळ जेसीबीनं उकरून उन्हात पसरला की हवा लागते, ती बांधणी सुटते आणि धातू पुन्हा पाण्यात विरघळायला मोकळे होतात. पहिल्या वळवाला तेच वाहून उरलेल्या डबक्यात येणार, आणि उन्हाळ्यात सगळे पक्षी त्याच डबक्याभोवती गोळा झालेले असतात. शिवाय ही शेकाट्यांची अंडी घालायची वेळ आहे. काठाच्या चिखलात, उघड्यावर, चार अंडी. जेसीबीच्या साखळीखाली ती दिसत पण नाहीत.

मासे विकले जातात त्याबद्दल एकच सांगते, याच तलावाची चिलापी मी स्वतः कैक वेळा घरी आणलीय. आता आणत नाही. पण जिच्याकडनं घ्यायची त्या मावशींना काय सांगू, तुमचं गिऱ्हाईक का तोडलं म्हणून?

पक्षी आणि जंगलावर लिहिणारे मारुती चितमपल्ली सर आपल्या सोलापूरचे. वन खात्यात हयात घालवली, २०२५ ला पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये इथंच गेले. आपण सगळ्यांनी श्रद्धांजलीचे स्टेटस ठेवले, मी पण ठेवलं. त्या माणसाच्या गावात मेलेला पक्षी तपासायला एक बर्फाचा डबा मिळू नये, हे मला फेब्रुवारीपासून गिळता येत नाहीये.

माझ्या मागण्या अवघड नाहीत.

गाळाचा रिपोर्ट हातात येईपर्यंत शहरालगतच्या तलावांचा गाळ वाटणं थांबवा. ज्यांनी नोंदणी केलीय त्यांची नोंदणी रद्द करू नका, फक्त तारीख पुढं ढकला आणि कारण बोर्डावर लिहा. शेतकरी समजून घेतो, त्याला खरं सांगितलं तर.

गाळाचे नमुने नाल्याच्या तोंडाशी, तलावाच्या मध्यावर आणि पलीकडच्या काठावर घ्या, आणि प्रत्येक जागी वरचा थर वेगळा, हातभर खालचा थर वेगळा. शिसं, कॅडमियम, क्रोमियम, तांबं, जस्त, आर्सेनिक, पारा एवढं तपासायला एनएबीएल मान्यता, म्हणजे लॅबच्या तपासणीच्या दर्जाची राष्ट्रीय मान्यता, असलेल्या लॅबकडं पाठवा. एक नमुना शहरापासून लांबच्या, ज्याला नाला मिळत नाही अशा तलावाचा पण पाहिजे, कारण आपली माती काळ्या बेसॉल्ट दगडातून आलेली आहे, तिच्यात तांबं-क्रोमियम मुळातच जरा जास्त असतं, आणि तुलना केली नाही तर उद्या कुणीतरी उठून म्हणेल हे नैसर्गिकच आहे. तसं असेल तर मी सगळ्यांच्या आधी मान्य करीन. वाचायला माप पाहिजे असेल तर कॅनडानं गोड्या पाण्यातल्या गाळासाठी ठरवलेले आकडे आहेत, किलोभर कोरड्या गाळात शिसं ३५ मिलिग्रॅमपर्यंत असेल तर जीवांना सहसा त्रास नाही, ९१.३ च्या वर गेलं की त्रास व्हायची शक्यता बरीच. कॅडमियमसाठी ते आकडे ०.६ आणि ३.५ आहेत. आपल्या गाळाचा आकडा यांच्या शेजारी लिहा.

मेलेला किंवा मरायला टेकलेला पाणपक्षी सापडला तर पुरायचा नाही, अशी लेखी ऑर्डर काढा. प्रत्येक गार्डच्या गाडीत एक बर्फाचा डबा, हातमोजे, झिपच्या पिशव्या. बर्ड फ्लूची काळजी घेऊन जनावरांच्या डॉक्टरांकडून पोस्टमॉर्टेम, आणि लिव्हर-किडनीचा तुकडा धातूंच्या तपासणीला. कोइमतूरच्या सलीम अली केंद्रात पक्ष्यांच्या शरीरातल्या विषारी पदार्थांवर काम झालेलं आहे, त्यांना एक पत्र लिहा. शेकाट्या-टिटवीच्या पिल्लांची दोन-दोन पिसं आणि न फुटलेली अंडी तपासायला वन खात्याची परवानगी लागते, ती मला मिळणार नाही, तुम्हाला मिळेल. विद्यापीठ आपल्याच गावात आहे, तिथली पोरं-पोरी सॅम्पलिंगला आनंदानं येतील.

नाल्याचं पाणी पहाटे तपासा, न सांगता, महिन्यातून चार वेळा तरी. जिथून रंगीत पाणी येतं तिथपर्यंत चालत जा. छोट्या डाय हाऊसवाल्यांना एकट्यानं प्लँट परवडत नाही हे मला माहीत आहे, त्यांच्यासाठी सामायिक प्रक्रिया केंद्राची क्षमता आणि देखभाल हा तुमचा विषय आहे, त्यांना नुसत्या नोटिसा देऊन काही होणार नाही.

मासे तपासा, आणि निष्कर्ष मासे विकणाऱ्या बायकांना आधी सांगा, पेपरात नंतर द्या. धंदा बंद ठेवावा लागला तर तेवढ्या दिवसांची त्यांची सोय काय, हे पण त्याच ऑर्डरमध्ये पाहिजे.

आणि हे सगळे रिपोर्ट मराठीत, मोठ्या अक्षरात, जिथं मोफत गाळाचा बोर्ड लावलाय त्याच्या शेजारी लावा.

माझ्याकडून जे होईल ते मी करते. सहा वर्षांच्या रविवारच्या नोंदवह्या माझ्याकडं आहेत, कुठल्या तारखेला कुठल्या काठावर किती पक्षी, मेलेले कुठं सापडले, पाण्याचा रंग काय होता. झेरॉक्स काढून चारही ऑफिसला या पत्राबरोबर देतेय. सॅम्पल घेणं, लेबल लावणं, कोल्ड चेन सांभाळणं हे माझं रोजचं काम आहे, लागेल तेव्हा फुकट येईन. तुमच्यापैकी कुणीही येत्या रविवारी सकाळी साडेसहाला नाल्याच्या बाजूला या, गमबूट मी आणते, बाभळीखालची जागा पण दाखवते.

दादाला मी पंधरा दिवस थांबायला सांगितलंय. तो थांबलाय, पण बाकीच्यांच्या ट्रॉल्या सोमवारपासून लागणार आहेत.

आपली,
सोलापुरातली एक लॅब टेक्निशियन